चित्रकार-डिझायनरची कारकीर्द कशी लिहावी: मारिआने ब्रांट यांच्या उदाहरणाने

चित्रकाराची कारकीर्द लिहायची तर प्रदर्शनांची यादी हाताशी असते आणि अभियंत्याची लिहायची तर नोकऱ्यांची व पेटंटांची. पण जी व्यक्ती आयुष्यभर दोन्ही करत राहिली, तिच्याबाबतीत या दोन्ही याद्या अर्ध्याच निघतात. मग लेखक सोपी वाट धरतो. कोणी दिव्यांना आणि किटल्यांना टेबलावरची शिल्पे म्हणून गौरवतो, तर कोणी चित्रांना फावल्या वेळचा छंद ठरवून मोकळा होतो, आणि दोन्ही प्रकारांत त्या व्यक्तीने रोज उठून नेमके कोणते काम केले, कोणासाठी केले आणि त्याचे पुढे काय झाले हे वाचकाला कळतच नाही.

अशा कारकिर्दीवर दीर्घ लेख किंवा छोटे चरित्र लिहू पाहणाऱ्यांसाठी मी इथे माझी पद्धत मांडतो आहे आणि उदाहरण म्हणून शेवटपर्यंत जर्मन कलावंत मारिआने ब्रांट (१८९३–१९८३) यांनाच घेतो आहे. चित्रकला, शिल्पकला, धातुकाम, छायाचित्रण, फोटोमोंटाज (छापील चित्रांचे तुकडे जोडून केलेली चित्रे), कारखान्यातली नोकरी आणि अध्यापन एवढे सगळे त्यांनी केले. शिवाय त्यांच्या आयुष्यात एक मोठा मोकळा कालखंड आहे, ज्याच्याशी चरित्रकाराची खरी गाठ पडते. ही पद्धत थोडक्यात सांगायची तर, वस्तू आधी हातात घ्यावी आणि तिच्यावरून माणसाकडे जावे. वादाचे, शैलीचे आणि संप्रदायाचे नाव अगदी शेवटी काढावे.

एक वस्तू निवडा आणि तिच्यापुढे बसा

सुरुवातीला दहा वस्तूंची यादी करू नये. एकच घ्यावी आणि तिचे वर्णन विशेषणांशिवाय लिहून काढावे. ब्रांट यांच्याबाबतीत ती वस्तू ठरलेलीच आहे: ‘एमटी ४९’ या क्रमांकाने ओळखले जाणारे, १९२४ सालचे चहाच्या अर्काचे भांडे.

पहिले टिपण मापाचे असावे. छायाचित्रात हे भांडे चांगले मोठ्या किटलीएवढे भासते, पण प्रत्यक्षात त्याची उंची जेमतेम ७ सेंटिमीटर आहे, म्हणजे ते मुठीत मावेल. एवढ्या लहान भांड्यात चार जणांचा चहा कसा होणार, असा प्रश्न इथेच पडायला हवा आणि त्याचे उत्तर वापरात आहे. या भांड्यात चहा करायचा नसून त्याचा दाट अर्क उतरवायचा असतो. तो थोडासा कपात ओतून वरून गरम पाणी घालायचे, म्हणजे ज्याला जसा हवा तसा कडक किंवा फिका चहा मिळतो. अंगचीच गाळणी आत बसवलेली असते. माप, वापर आणि गाळणी हे तिन्ही एकत्र लिहिल्यावरच भांड्याचा आकार समजू लागतो.

मग आकाराकडे वळावे. मुख्य अंग अर्धगोलाचे आहे आणि ते एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांच्या बैठकीवर टेकलेले आहे. वर सपाट गोल झाकण, त्यावर आबनुसाची लहान मूठ, आणि बाजूला धरण्यासाठी अर्धवर्तुळाकार, उभा, आबनुसाचाच कान. इथवर वर्तुळ, अर्धवर्तुळ आणि फुली या भूमितीचेच राज्य दिसते, आणि बहुतेक लेखक इथेच थांबून ‘शुद्ध भूमितीचा आविष्कार’ वगैरे लिहितात. थोडे अधिक बघावे. झाकण मध्यभागी नाही. ते तोटीपासून दूर, मागे सरकवलेले आहे. बिजागरीच्या झाकणाच्या धातूच्या किटल्यांतून ओतताना झाकणाच्या कडेने चहा ठिबकतो, हा दोष टाळण्यासाठी झाकण सुटे केले आणि मागे घेतले. मध्य सोडल्याने आकृतीला जो कलता तोल आला आहे तो चित्रकाराच्या डोळ्याला सुखावतो हे खरे, पण त्याचे कारण ओतण्याच्या क्रियेत आहे. कला आणि उपयोग यांच्यातील नाते सांगायला लेखकाला याहून चांगले वाक्य सापडणार नाही, आणि ते वस्तूनेच दिलेले असते.

तीन प्रश्न: कोणी घडवली, किती घडल्या, कोणाच्या नावाने विकल्या

वर्णन झाल्यावर प्रत्येक वस्तूला हे तीन प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे कंटाळवाणी वाटतात, पण कारकिर्दीचा सांगाडा त्यांतूनच उभा राहतो.

एमटी ४९ यंत्रातून निघाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्याचा प्रत्येक नग पत्रा ठोकून, वाकवून, डाख देऊन हातानेच घडवलेला आहे, आणि म्हणूनच उपलब्ध नगांची मापे आणि धातू एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या काळात हे भांडे कारखान्यात मोठ्या संख्येने कधी निघाले नाही. म्हणजे यंत्रयुगाचे प्रतीक म्हणून जी वस्तू दाखवली जाते ती तांबटाच्या कामासारख्या हातकामातून आली आहे. हा विरोध दडपू नये, आणि त्यावरून ब्रांट यांची टिंगलही करू नये. बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेची धातुकार्यशाळा तेव्हा यंत्राने करता येतील अशा वस्तूंचे नमुने हाताने घडवत होती. नमुन्यापासून उत्पादनापर्यंतचे अंतर कापायला पुढे चार वर्षे लागली.

ते अंतर कापणारी वस्तू म्हणून १९२८ चा कांडेम दिवा घ्यावा. लाइपझिगच्या क्योर्टिंग अँड माथिसेन या कंपनीने आपल्या नावातील ‘क’ आणि ‘म’ जोडून कांडेम हे व्यापारी नाव केले होते, आणि तिच्यासाठी ब्रांट यांनी हिन ब्रेडेनडीक यांच्यासमवेत पलंगाशेजारी ठेवण्याचा हा दिवा तयार केला. लोखंडी पत्र्याचा, रंग दिलेला, घंटेसारख्या छत्रीचा हा दिवा हवा तसा कलता करता येतो आणि त्याचे बटण तळाच्या बैठकीवर बसवलेले आहे, म्हणजे झोपेत हात लांबवून चाचपडले तरी ते सापडावे. इथे आबनूस नाही, चांदी नाही. जे आहे ते साच्यात दाबून काढता येईल असे आहे. एमटी ४९ आणि हा दिवा समोरासमोर ठेवले की चार वर्षांत एका शिल्पकाराने काय शिकून घेतले हे वाचकाला सांगावे लागत नाही.

तीन रकान्यांचा कालपट

आता एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर तीन उभे रकाने आखावेत: पहिला चित्रे, शिल्पे आणि छायाचित्रांचा, दुसरा वापराच्या वस्तूंचा आणि तिसरा उपजीविकेचा. माझ्या अनुभवात तिसरा रकाना सर्वांत उशिरा भरतो आणि सर्वांत जास्त सांगतो.

ब्रांट यांचा पहिला रकाना आधी भरू लागतो. केम्निट्झ इथे १ ऑक्टोबर १८९३ रोजी त्यांचा जन्म झाला; माहेरचे आडनाव लीबे. १९११ पासून त्या वायमारच्या कलाशाळेत शिकल्या, आधी चित्रकला आणि नंतर शिल्पकला. १९१९ मध्ये नॉर्वेजियन चित्रकार एरिक ब्रांट यांच्याशी विवाह झाला आणि काही काळ नॉर्वे व फ्रान्समध्ये गेला. १९२३ चे बाउहाउसचे प्रदर्शन त्यांनी पाहिले. कला आणि तंत्रज्ञान यांचे नवे ऐक्य ही बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांची घोषणा त्याच प्रदर्शनाची. पुढच्याच वर्षी, तिशी ओलांडलेली आणि कलाशिक्षण पूर्ण झालेली ही स्त्री पुन्हा विद्यार्थिनी म्हणून तिथे दाखल झाली. तिने आपली आधीची चित्रे जाळून टाकली, असे चरित्रांतून वारंवार वाचायला मिळते. हकीकत प्रभावी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर अख्खे प्रकरण उभे करू नये. ‘सांगितले जाते’ एवढ्या मानाने ती एका वाक्यात यावी.

१९२४ पासून दुसरा रकाना भरभरून वाहू लागतो: चहाचे भांडे, राखदाण्या, चहा-कॉफीचे संच, आणि शाळा १९२५ मध्ये डेसाऊला हलल्यावर दिवे. पण याच काळात पहिला रकाना रिकामा पडत नाही हे मुद्दाम पाहावे. वर्तमानपत्रे आणि मासिके कापून केलेले त्यांचे फोटोमोंटाज बहुतांशी याच वर्षांतले असून १९२६-२७ मध्ये त्या काही महिने पॅरिसमध्ये असतानाही ते काम चालूच होते. कॅमेऱ्यात त्या स्वतःला चकचकीत धातूच्या गोळ्यांत पडलेल्या प्रतिबिंबातून टिपतात, म्हणजे कार्यशाळेतला गोल तिथे आरसा होऊन येतो. फेब्रुवारी १९२९ मध्ये बाउहाउसमध्ये धातूची वेषभूषा करून साजरा झालेल्या समारंभासाठी त्यांनी धातूचे दागिने घातले आणि त्या वेषातले स्वतःचे छायाचित्र काढले. दोन्ही रकाने एका नजरेत असतील तरच हे जोड दिसतात. ‘चित्रकार ब्रांट’ आणि ‘डिझायनर ब्रांट’ अशी दोन प्रकरणे केली की ते हरवतात.

तिसऱ्या रकान्यात १९२७ च्या सुमारास धातुकार्यशाळेतले साहाय्यकपद येते. १९२८ मध्ये ग्रोपियस आणि कार्यशाळेचे प्रमुख लास्लो मोहोली-नॉज दोघेही बाउहाउस सोडून गेले, तेव्हा कार्यशाळेची प्रभारी सूत्रे ब्रांट यांच्याकडे आली आणि १९२९ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. दिव्यांच्या कंपन्यांशी करारांची बोलणी करण्यातही त्यांचा वाटा होता, आणि ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही आकृतीइतकीच महत्त्वाची वाटते. कार्यशाळेत बसून सुंदर नमुना करणारे पुष्कळ असतात; समोरच्या कारखान्याला तो किती ठोक्यांत निघेल हे सांगू शकणारा माणूस विरळा. त्यानंतर बर्लिनमध्ये ग्रोपियस यांच्या वास्तुकार्यालयात काही महिने आणि १९२९ च्या अखेरीस गोथा शहरातील रुपेलवेर्क या धातूच्या वस्तूंच्या कारखान्यात डिझाइन विभागाचे प्रमुखपद.

रुपेलवेर्कबद्दल थोडे सविस्तर लिहावे, कारण संग्रहालयांत मान असलेल्या वस्तूंपुढे ही वर्षे झाकली जातात. नॅपकिन ठेवण्याची घोडी, शाईदाणी, पुस्तके टेकवण्याचे आधार अशा रोजच्या लहानसहान वस्तू तिथे रंगीत पत्र्यातून निघत. कारखान्याला आधी चालत आलेल्या नक्षीदार मालाची सवय होती. ब्रांट यांनी सपाट पृष्ठभाग, मोजके रंग आणि कमीत कमी घड्या असा नवा क्रम बसवला. औद्योगिक डिझायनर या शब्दाचा जो अर्थ आज आपण घेतो तो त्यांच्या आयुष्यात याच तीन वर्षांना सर्वांत जास्त लागू पडतो. जागतिक मंदीत, १९३२ मध्ये, ही नोकरी गेली.

श्रेय लिहिताना

कार्यशाळेतल्या वस्तूवर एकच नाव लिहिणे बहुधा चुकीचे असते. कांडेम दिव्यावर ब्रेडेनडीक यांचे नाव हवेच. वजनाच्या तोलावर वरखाली होणाऱ्या लटकत्या दिव्यावर हान्स प्शिरेंबेल यांचे. ‘ब्रांट यांनी केले’ याऐवजी ‘ब्रांट यांनी अमुक यांच्यासमवेत केले’ हे वाक्य दोन शब्दांनी लांब होते, पण त्यात एक अख्खी कार्यशाळा मावते. कारखान्याच्या मालावर सहसा डिझायनरचे नाव नसतेच, कारखान्याचा शिक्का असतो. अशा वेळी त्या काळातले कॅटलॉग, करारपत्रे किंवा पत्रव्यवहार यांपैकी काही आधार असेल तरच ठाम विधान करावे, नुसत्या ‘शैली जुळते’ या बळावर करू नये.

श्रेयाची दुसरी बाजू म्हणजे ते कोणाला मिळू दिले गेले नाही. बाउहाउसमध्ये स्त्रियांना बहुतेक वेळा विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवले जात असे आणि ब्रांट धातुकामात शिरल्या त्या मोहोली-नॉज यांच्या पाठिंब्याने. उतारवयात लिहिलेल्या आठवणीत त्यांनी सांगितले आहे की सुरुवातीला सहकाऱ्यांना स्त्रीची जागा धातुकार्यशाळेत नाही असे वाटे, आणि म्हणून त्यांच्या वाट्याला कंटाळवाणी, मेहनतीची कामे येत. जर्मन सिल्व्हरच्या ठिसूळ पत्र्यातून लहान लहान अर्धगोल ठोकून काढण्याचे काम त्यांतलेच. ही साक्ष मोलाची आहे, फक्त ती काही दशकांनंतर दिलेली आहे हे वाचकाला सांगावे. आणि लिहिताना एवढे सुचवायलाही हरकत नाही की एमटी ४९ चे अंग म्हणजे अर्धगोलच आहे. कंटाळवाण्या कामाने हाताला जे वळण लावले ते पुढे कामी आले असावे. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच लिहावा.

एका वस्तूच्या तीन तारखा

नमुन्याची तारीख, उत्पादनाची तारीख आणि पुनर्निर्मितीची तारीख या वेगळ्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळणे ही या विषयातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. मी स्वतः ती केलेली आहे. एका लेखात मी राखदाणीच्या आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाचे कौतुक करून त्यावरून १९२४ च्या कार्यशाळेतील कौशल्याबद्दल एक परिच्छेद लिहिला, आणि छापून आल्यावर लक्षात आले की माझ्यासमोरचे छायाचित्र कित्येक दशकांनंतर यंत्रावर केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या प्रतीचे होते. ब्रांट यांच्या वस्तू इटलीतील आलेस्सी आणि जर्मनीतील टेक्नोलुमेन या कंपन्यांनी पुढे परवान्यानिशी नव्याने काढल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचा पृष्ठभाग, वजन आणि सांधे नव्या काळाचे आहेत. तेव्हा छायाचित्र वापरण्याआधी ते कोणत्या संग्रहातल्या, कोणत्या सालच्या नगाचे आहे हे पाहावे, आणि ते कळत नसेल तर पृष्ठभागाविषयी मौन पाळावे.

लिलावातल्या किमती या तारखांच्याही नंतर येतात. एमटी ४९ चा एक नग २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३,६१,००० डॉलरना विकला गेला. हा आकडा लेखाच्या पहिल्या ओळीत टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण घरोघरी वापरता येईल असे साधे भांडे करू पाहणाऱ्या कार्यशाळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बाजाराबद्दल कळते, आणि त्यासाठी शेवटाकडे एक वाक्य पुरते.

मोकळी वर्षे मोकळी म्हणूनच लिहा

कालपटाच्या कागदावर १९३३ ते १९४८ या पट्ट्यात दुसरा आणि तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो. बहुतेक लेख इथे ‘युद्धानंतर’ असे म्हणून उडी मारतात आणि सोळा वर्षे एका स्वल्पविरामात संपवतात. तसे करू नये. १९३३ मध्ये बाउहाउस बंद झाले, त्याच वर्षी ब्रांट केम्निट्झला आईवडिलांच्या घरी परतल्या आणि त्यांना कायमचे काम मिळाले नाही. १९३५ मध्ये घटस्फोट झाला. १९३९ मध्ये त्या नाझी राजवटीच्या सांस्कृतिक मंडळाच्या सदस्य झाल्या, कारण त्याशिवाय रंग आणि कागद मिळणे अवघड होते. पक्षाच्या सदस्य त्या कधीच नव्हत्या. ही दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी, कोणतेही क्रियाविशेषण न लावता लिहावीत. बचाव करू नये आणि आरोपपत्रही तयार करू नये. या वर्षांत त्यांनी चित्रे काढली, म्हणजे पहिला रकाना चालू राहिला, आणि एका डिझायनरच्या हातातून कारखाना काढून घेतला की तिच्याजवळ काय उरते हे तो रकानाच सांगतो.

पुढचा काळ पूर्व जर्मनीचा आहे. डच वास्तुकार मार्ट स्टाम यांच्या बोलावण्यावरून १९४९ ते १९५१ या काळात त्यांनी ड्रेस्डेनमध्ये लाकूड, धातू आणि मातीकाम या विषयांचे अध्यापन केले, त्यानंतर १९५४ पर्यंत बर्लिन-वाइसेनझे इथल्या औद्योगिक डिझाइनच्या संस्थेत काम केले, आणि १९५३-५४ मध्ये जर्मन उपयोजित कलेच्या प्रदर्शनाबरोबर बीजिंग आणि शांघाय इथे गेल्या. याच सुमारास पूर्व जर्मनीत बाउहाउसच्या परंपरेवर रूपवादाचा, म्हणजे आशयापेक्षा रूपालाच महत्त्व देण्याचा, ठपका ठेवला जात होता, त्यामुळे तिथे पुढचे दार बंद झाले. त्या केम्निट्झला परतल्या आणि चित्रे, विणकाम, लहान शिल्पे करत राहिल्या. १९७० च्या दशकात बाउहाउसकडे पाहण्याची अधिकृत दृष्टी बदलली, डेसाऊची इमारत १९७६ मध्ये दुरुस्त होऊन उभी राहिली, आणि त्यांच्या फोटोमोंटाजकडेही अभ्यासकांचे लक्ष त्याच दशकात जाऊ लागले. १८ जून १९८३ रोजी सॅक्सनीतील किर्चबेर्ग इथे त्यांचे निधन झाले, म्हणजे डिझायनर म्हणून मिळालेल्या कारखान्याच्या पगारानंतर त्या आणखी पन्नासहून अधिक वर्षे जगल्या. लेखातील जागेची वाटणी करताना हे प्रमाण एकदा तपासून पाहावे. पाच वर्षांना पंचाहत्तर टक्के पाने देणे चूक नाही, पण ते जाणूनबुजून केलेले असावे.

छायाचित्राखालची ओळ

सगळा मजकूर झाल्यावर सर्वांत शेवटी छायाचित्रांच्या ओळी लिहाव्यात, कारण वाचक पुष्कळदा त्या आधी वाचतो आणि वरच्या मजकुरातली सगळी काळजी तिथल्या एका आळशी शब्दाने वाया जाते. ‘ब्रांट यांची प्रसिद्ध किटली’ असे लिहिले की माप, वापर, कार्यशाळा आणि घडण हे चारही गेले. त्याऐवजी ओळ अशी असावी: मारिआने ब्रांट, चहाच्या अर्काचे भांडे, नमुना क्रमांक एमटी ४९, १९२४, बाउहाउसची धातुकार्यशाळा, वायमार, धातू आणि आबनूस, हाताने घडवलेले, उंची सुमारे ७ सेंटिमीटर.